सुमनबाईनं अर्धा पाहिलेला पिच्चर

नामपूरला दळणाच्या गिरण्या तीन. पण सुमनबाईच्या गिरणीवर डबा ठेवला की बाईमाणूस लगेच घरी जात नाही. पोत्यावर बूड टेकतं, पायातली चप्पल निघते आणि दळण होईस्तोवर गावातली निम्मी बातमी तिथंच दळून निघते. मोटरीच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागतं, त्यामुळं या गिरणीवर गुपित असं काही राहतच नाही.

सुमनबाई एकोणिसाव्या वर्षी या घरात आली, तेव्हा गिरणी सासऱ्याची होती. नवरा कोंडाजी दगडाचा जाणकार. गिरणीच्या दगडाला टाकी लावावी तर कोंडाजीनंच. छिन्नी अशी चालवतो की दगडाला गुदगुल्या व्हाव्यात. पण माणसांशी बोलायचं म्हटलं की गडी घामाघूम. म्हणून गिरणीचं तोंड सुमनबाई झाली. आज सत्तेचाळिशी गाठली, भुवया कायमच्या पांढऱ्या, आवाज मोटरीच्या वरचा.

टाकी लावल्यावर पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. ते पीठ कोणी खात नाही, म्हशीला घालतात. सुमनबाईची रीत याच्या पुढची. म्हशीचं झालं की ती दुसऱ्या दळणातलं मूठभर पीठ घेते, त्याची एक भाकर थापते आणि कोरडीच चावून बघते. दातांत कचकच झाली तर आणखी एक घाणा म्हशीला. नाही झाली तर मगच बायांचे डबे. "आधी मना दात, मंग गावना," म्हणजे आधी माझे दात, मग गावाचे, असं तिचं म्हणणं, आणि त्या म्हणण्यावर तिची गिरणी चालते.

आता या बाईचा आणि पिच्चरचा काय संबंध? तर तो असा.

बारा वर्षांपूर्वी सटाण्याच्या थेटरला एक मराठी पिच्चर लागला होता. पोस्टरवर देऊळ, देवळापुढं हात जोडून उभी असलेली जोडी, वर हळदी-कुंकवाच्या रंगातली अक्षरं. बघून कुणालाही वाटावं की आत निम्मी आरतीच असणार. नामपूरची चार घरं एक टेम्पो करून गेली, सासू-सासऱ्यांसकट. आणि अर्ध्या तासात त्या देवळातल्या जोडीनं जे काही चालवलं, ते पाहताना चार घरांचे चार सासरे थेटरच्या छताकडं बघत बसले. सुना चपला शोधायच्या निमित्तानं वाकल्या त्या वाकल्याच. गल्लीतल्या कमळाबाईचा सासरा तर पुढं आठ दिवस कुणाशी बोलला नाही. जसा काही तो पिच्चर कमळाबाईनंच काढला होता!

दुसऱ्या दिवशी गिरणीवर याचीच रडगाणी. सुमनबाईनं पट्टा चढवता चढवता सांगून टाकलं, "पुढला टाईमले आधी मी जाई येसू. आधी मना डोया, मंग तुमना."

तेव्हापासून घरात बसून बघण्यासारखा मराठी पिच्चर सटाण्याला लागला की शुक्रवारचा बाराचा खेळ सुमनबाईचा. एकटी जाते, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून जाते, आणि संध्याकाळी गिरणीवर निकाल देते. निकाल तीनच प्रकारचे. 'कच नही' म्हटलं की सासऱ्यासकट बिनघोर जावं. 'बारीक कच शे' म्हटलं की नणंद-भावजयांनी जावं, सासऱ्याला शेतात पाठवून. आणि 'म्हशीले घाला' म्हटलं की कुणीच जाऊ नये, अर्थात त्याच पिच्चरला गावातली पोरं सगळ्यात जास्त जातात. बारा वर्षांत निकाल एकदाही चुकला नाही. सटाण्यापर्यंत लोक विचारायचे, नामपूरची गिरणीवाली काय म्हणते?

हे सगळं आधी सांगायचं कारण, या वर्षी जे झालं त्यात तिचा शब्द आणि तिच्या पोरीची सोयरीक, दोन्ही एकाच पट्ट्यावर चढली होती.

पोरगी योगिनी. औषधाचं शिक्षण घेतलेली, नाशकात पंचवटीत एका मेडिकलात कामाला, तिथंच खोली करून राहते. सुमनबाईचा भाऊ चंदर सटाण्याला असतो, त्यानं स्थळ आणलं. पोरगा दीपक, ठिबकच्या नळ्या बसवायचं काम करतो, हाताचा चांगला, तोंडाचा गोड. बाप खंडेराव. आता खंडेराव म्हणजे सटाण्यातलं तिखट माणूस. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात बँडवाल्यानं घाणेरडं गाणं लावलं म्हणून हा माणूस अक्षता न टाकता, न जेवता घरी निघून गेला होता. पोरापोरींनी एकमेकांचे फोटो पाहिले होते, फोनवर बोलणंही झालं होतं, दोघांचं जमलेलं दिसत होतं. राहिला होता तो खंडेराव. आणि राहिली होती एक गोष्ट, जी त्याला कुणीच सांगितली नव्हती: योगिनी नोकरी सोडून सटाण्याला नांदायला येणार नव्हती. चंदर म्हणायचा, "ते हळूहळू काढू. आधी माणूस नरम होऊ दे."

त्याच आठवड्यात सटाण्याला 'बाजाराच्या दिवशी' नावाचा पिच्चर लागला. छोट्या गावातली गोष्ट. पोरगा मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा, पोरगी बदली होऊन आलेली पोस्टातली बाई. दर बुधवारी बाजाराच्या दिवशी ती काहीतरी मोडकं घेऊन त्याच्या दुकानात येते.

सुमनबाई शुक्रवारी बाराच्या खेळाला बसली. त्या आठवड्यात गिरणीला लागणाऱ्या थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची होती, म्हणून दुपार मोकळी. पिच्चर मजेत चालला होता. पोरगं सरळ, पोरगी हुशार, गाणी शेतात, आणि दोघांच्या मध्ये कायम एक पंखा नाहीतर मिक्सर. इंटरवल झाली, सुमनबाईनं समोसा हातात घेतला आणि फोन वाजला. कोंडाजी. आधीच न बोलणारा माणूस, त्यात घाबरलेला.

"थ्री फेज उनी," तो म्हणाला. "लाईनवर काम शे म्हने, पाळी बदलनी. चारपर्यंतच शे. आठे गिरनीवर वीस डबा शेत, अन् पट्टा निसटी राह्यना."

गिरणीवाल्या बाईला थ्री फेज आल्यावर बसवत नाही. समोसा कागदात गुंडाळला आणि ती जीप धरून निघाली. गिरणीत शिरली, पट्टा चढवला, पदर खोचला, आणि चारच्या आत वीस डबे उरकायला लागली. घाईघाईत, पिठाच्या धुरळ्यात, कमळाबाईनं ओरडून विचारलं, "सुमनबाई, कसा शे व पिच्चर?"

आणि सुमनबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कच नही!"

म्हणून गेली आणि मग तिला आठवलं की आपण अर्धाच पाहिलाय. पण तोवर कमळाबाई डबा डोक्यावर घेऊन गेली होती. पुढचीला सांगू, असं म्हणेस्तोवर पुढची दळण घेऊन आली. तिलाही तेच कळलं होतं. अर्धी भाकर चावून 'कच नही' म्हणण्यासारखंच झालं हे. पण म्हटलं, एवढा सरळ पिच्चर, पुढं काय होणार? जाऊ दे.

जाऊ देता आलं नाही. रात्रीचं जेवण व्हायच्या आत चंदरचा फोन.

"ताई, काम झालं! खंडेरावतात्या म्हणे पोह्यांचा कार्यक्रम-बिर्यक्रम काय नको, पोरं लाजतात, म्हातारे भांडतात. परवा रविवारी बाराला दोन्ही घरं मिळून पिच्चर बघू. तुझ्या पोरीच्या सासूची बहीण नामपूरला ना, तिनं सांगितलं की तू 'कच नही' म्हणालीस. तात्या म्हणे, गिरणीवाल्या बाईचा शब्द हाय, मग चला."

"सासू कशी रे? अजून जमलंय कुठं?"

"जमलंच समज. फक्त पिच्चरनं घोटाळा करायला नको."

सुमनबाईनं फोन ठेवला. बँडच्या गाण्यावरून जेवण सोडणारा माणूस. इंटरवलनंतर काय आहे, ते देवाला आणि पिच्चरवाल्याला ठाऊक. काही निघालं, तर खंडेराव उठून जाणार आणि वर म्हणणार, आई अशी खोटं बोलणारी, तर पोरगी कशी असेल?

शनिवारी जाऊन पाहून यावं, तर शनिवारी थ्री फेज दिवसभर आणि रविवारच्या आत सगळ्या गावाला पीठ पाहिजे. शिवाय दुसऱ्यांदा गेली असती तर जीपवाल्यानंच विचारलं असतं, "पाह्यलेला पिच्चर पुन्हा कसाला, मावशी?" मग तिनं ठरवलं, दुसऱ्यांकडून काढून घ्यायचं. शुक्रवार संध्याकाळचा खेळ पाहून आलेली माणसं गावात होतीच. फक्त आपण पाहिला नाही हे न कळू देता विचारायचं.

सकाळी पहिले शाळेतले गुरुजी आले, गव्हाची पिशवी घेऊन.

"गुरुजी, कसा वाटला? इंटरवलनंतरचा?"

"कसला वाटतोय! आपल्या बागलाणातलं गाव म्हणे. आन एक माणूस, एक, 'शे' म्हनत नही. सगळे पुण्याहून आणून बसवल्यासारखे 'आहे, आहे'. ती म्हातारी तर 'अगं बाई' म्हणते. नामपूरची म्हातारी 'अगं बाई' म्हणल का कधी?"

"ते खरं. पण पुढं…"

"पुढं काय, शेवटपर्यंत 'आहे'च!" म्हणत गुरुजी पिशवी ठेवून निघून गेले.

मग कांद्याचा एक व्यापारी आला. तो वेगळ्याच कारणानं पेटला होता. "सुमनबाई, पोराच्या बापाच्या ओट्यावर आकाशकंदील लागलाय आणि मागं शेतात उन्हाळ कांदा काढणं चाललंय! दिवाळीला उन्हाळ कांदा? आपल्या बाजार समितीत आणा म्हणावं हा पिच्चर, हमाल सुद्धा उतरवून घेणार नाहीत."

"बरं, कांद्याचं सोडा. पोरगा-पोरगीचं?"

"कांदा दिसल्यावर मी त्यांच्याकडं पाह्यलंच नाय."

समोरच्या ओट्यावर सलिमाचं शिलाई मशीन. सुमनबाई मोटर बंद झाल्याबरोबर तिकडं गेली. सलिमा आणि तिची पोरगी माहेनूर, दोघी कालच्या खेळाला होत्या.

"सुमनबाई, उस हिरोइन की बाही!" सलिमा सुई दातांत धरून बोलली. "एकाच गाण्यात तीन डाव बदलली. पहिल्या कडव्यात कोपरापर्यंत, दुसऱ्यात फुगा, तिसऱ्यात सरळ. कोण शिवतं यांचे कपडे? आमच्या गिऱ्हाइकानं तर तोंडावर फेकला असता ब्लाऊज."

"आणि मागून? इंटरवलच्या मागून?"

सलिमानं सुई काढली. "रोई मैं. माहेनूर भी रोई. दीड रुमाल भिजला."

"कसाले रडनी तू? काय असं…"

"अब ये क्या पूछना? तू पाह्यलास ना?"

सुमनबाई म्हणाली, "पाह्यला ना, पाह्यला," आणि परत गिरणीत शिरली. रडण्यासारखं आहे, एवढं कळलं. पण रडायला काय, माणूस शरमेनंही रडतं.

दुपारी कॉलेजची तीन पोरं एका म्हातारीचं दळण उचलायला आली. त्यांच्याकडून नक्की कळेल म्हणून तिनं विचारलं, तर एकजण जांभई देत म्हणाला, "एकदम थंडा पिच्चर, मावशी. हिरोला पोरीचा हात धरायला सव्वादोन तास लागतात."

सुमनबाईच्या जिवात जीव आला. ते गेल्यावर तिनं हिशेब केला. पिच्चर अडीच तासांचा. सव्वादोन तासांनी हात धरला. मग उरलेली पंधरा मिनिटं तो हात धरून काय करत होता?

आणि शेवटी आली कमळाबाई. कालच्या 'कच नही'च्या जोरावर ती रात्री सासऱ्याला घेऊन पाहून आली होती. आली ती पदर तोंडात कोंबून हसतच आली.

"व माय, सुमनबाई! तो विहिरीवरला सीन! मी ते पदरच लेई लिधा तोंडवर. मना सासराकडे देखाची हिंमत नही!"

सुमनबाईच्या हातातली सूपली तशीच राहिली. "विहिरीवरला?"

"तुले माहीत नही का?" कमळाबाई पुन्हा हसत सुटली. "जाय व! देखीसन आनि वर मलेच इचारस!" आणि दळण घेऊन ती चालती झाली.

विहिरीवरचा सीन. पदर तोंडावर. सासऱ्याकडं बघायची हिंमत नाही. आता कच कुठं लपली आहे ते कळलं, पण भाकर तर ताटात वाढून झाली होती.

संध्याकाळी योगिनी नाशिकहून आली. तिनं फोन काढून शहरातल्या लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, संथ आहे पण सुंदर. एकानं, आजकाल असे चित्रपट होत नाहीत. एकीनं, आजीसोबत पाहिला, आजी झोपली, छान झोपली. साडेतीन चांदण्या.

"चांदण्यांचं मी काय करू?" सुमनबाई करवादली. "कच शे का, ते कोनी लिखेल शे का?"

"आई, तूच तर पाहिलास की."

सुमनबाई पीठ चाळायला लागली. योगिनीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं, मग हळूच म्हणाली, "अर्धा?"

"तुना बाप फोन करी बसना ना!"

पोरगी हसायला लागली, आई रडकुंडीला आली, आणि कोंडाजी मागल्या दारी म्हशीला पाणी पाजायला निघून गेला.

रविवारी थेटरच्या दारात दोन्ही घरं भेटली. खंडेराव कडक इस्त्रीची टोपी घालून, हात मागं बांधून उभे. शेजारी त्यांची बायको उज्वलाबाई, चेहरा मवाळ, हातात पाण्याची बाटली. आमच्याकडं पाव्हण्यांसमोर घरची अहिराणी आवरून घेतात आणि जरा वरच्या मराठीत बोलतात. जोवर माणूस तसं बोलतोय तोवर समजायचं की तो अजून पाव्हणाच आहे. खंडेराव तसंच बोलत होते. "नमस्कार. प्रवास ठीक झाला ना? बसायचं का मग?"

आत बसायची रांग चंदरनं लावली. एका टोकाला दीपक, मग बांधासारखा मधे चंदर, मग योगिनी, मग कोंडाजी, उज्वलाबाई, सुमनबाई आणि या टोकाला खंडेराव. म्हणजे विहीर आली की खंडेरावांचा श्वाससुद्धा सुमनबाईला ऐकू येणार.

पहिला अर्धा तिला पाठ होता. खंडेराव एकदा 'हं' म्हणाले, एकदा खोकले. मिक्सरचं पातं पोरीनं मुद्दाम मोडल्याचं कळलं तेव्हा उज्वलाबाई हसल्या. आणि इंटरवलची पाटी आली, दिवे लागले. इथून पुढं सुमनबाईच्या खाली जमीन नव्हती.

ती उठून खंडेरावांच्या मागं बाहेर गेली. ते चहाच्या रांगेत उभे होते.

"तात्या, एक बोलायचंय."

"बोला ना."

"मी हा पिच्चर इथपर्यंतच पाह्यलाय. शुक्रवारी थ्री फेज आली, मी उठून गेले. कच नही म्हणाले ते अर्ध्यावर म्हणाले. पुढं कुठं विहिरीवर काहीतरी हाय म्हणतात. तुम्हाला उठून जायचं असलं तर आत्ता जा. माझ्या पोरीचा यात काही दोष नाय."

खंडेरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग चहाचे दोन कप घेतले, एक तिच्या हातात दिला. आपल्या कपावर फुंकर मारली.

"बाई, तिकिटं काढली," ते म्हणाले. "कच लागली तर चूळ भरू. ताटावरून कशाला उठायचं?" आणि दोन घोट झाल्यावर आठवल्यासारखं म्हणाले, "लग्नातून उठलो ते गाण्यामुळं नव्हतं. मला आधी विचारतो म्हणाले होते, विचारलं नाय, म्हणून उठलो. लोकांनी गाण्याचं केलं."

सुमनबाईला एवढं कळलं की या माणसाचा राग कुठं असतो. आणि तेच कळल्यावर नोकरीची न सांगितलेली गोष्ट तिला आठवली. पण घंटा वाजली, लोक आत निघाले.

विहीर आली. भर दुपार, मोटर चालू, आजूबाजूला मका. पोस्टातली पोरगी आपल्या आईला घेऊन पोराचं शेत बघायला आलेली. आणि विहिरीच्या धारेखाली, नुसत्या लंगोटीवर, पोराचा म्हातारा बाप मस्त अंघोळ करतोय. पोरीची आई दिसताच म्हातारा मक्यात घुसला. धोतर बांधावर वाळत घातलेलं. ते बकरी खातेय. म्हातारा मक्यातून हात जोडून बकरीला विनवण्या करतोय, आणि इकडं पोरीची आई मोठ्यानं विचारतेय, "व्याही कुठं आहेत? व्याही दिसत नाहीत?"

थेटर फुटलं. सुमनबाईनं पदर तोंडात घातला, पण नजर उजवीकडं. खंडेरावांचे खांदे हलत होते. आधी तिला वाटलं, संतापलेत. मग त्यांनी टोपी काढली, चष्मा काढला आणि डोळे पुसत पलीकडं ओणवे होऊन बायकोला म्हणाले, "बकरी… बकरी सोड… मनं ते तुना बापनी देखं होतं!"

"गप बसा!" उज्वलाबाई म्हणाल्या, पण त्याही हलत होत्या. सुमनबाईच्या कानात त्यांनी सांगून टाकलं, "आमचं ठरवायला आमचे वडील आले, तेव्हा हे असेच मोटरीखाली. मक्याऐवजी ऊस होता एवढंच."

सुमनबाईनं श्वास सोडला. कमळाबाईच्या सासऱ्याचा असाच काही इतिहास असणार, म्हणून ती तिकडं बघत नव्हती. सगळ्या पिच्चरमधली कच म्हणजे एक लंगोटी आणि एक बकरी! ती खुर्चीत मागं टेकून बसली. पहिल्यांदाच.

आणि मग शेवट आला. पोस्टातल्या पोरीला बढती मिळते, बदली होते, दूर. पोरगी जाते. पोरगा आठवडाभर गप्प. मग एका बुधवारी, भर बाजारात, तो शिडी लावून दुकानाची पाटी उतरवतो, काखेत मारतो आणि बस पकडतो. तिच्या गावाला. बस स्टँडवर तो तिचा हात धरतो. तेच ते सव्वादोन तास. इथं सलिमाचा रुमाल भिजला असावा. थेटरात नाकं ओढल्याचे आवाज आले.

खंडेराव मात्र दगडासारखे. हलणं नाही, खोकणं नाही. पोरगं बायकोच्या नोकरीमागं गाव सोडून गेलं! सुमनबाई मागं टेकलेली होती ती पुन्हा टोकावर आली. विहिरीला घाबरत बसलो आणि कच निघाली ती भलतीकडंच.

बाहेर आले तर लोकांचं चालूच होतं. एक बाई म्हणत होती, पोरानं बरोबर केलं. तिचा नवरा म्हणत होता, पोरगं येडं. दीपक आणि योगिनी आता बांध ओलांडून शेजारी उभे होते आणि चक्क भांडत होते.

"पाटी न्यायची तर न्यावी," दीपक म्हणत होता, "पण आत गिऱ्हाइकांचे मिक्सर पडलेत, ते कोण देणार?"

"मिक्सरचं काय घेऊन बसलात?"

"मिक्सरचंच! धंद्यात शब्द असतो का नाय?"

खंडेराव त्यांच्याकडं पाहत होते. मग वळून सुमनबाईला म्हणाले, अजून त्या वरच्याच मराठीत, "बाई, आपल्या पोरीचंही असंच आहे का? नोकरीचं?"

चंदरनं मागून डोळे मोठे केले. हळूहळू, हळूहळू, असं हातानं दाखवलं. पण सुमनबाईचं एक खरं बोलून झालं होतं, आणि एकदा उघडलेलं तोंड पुन्हा शिवत बसण्यात अर्थ नव्हता.

"हो तात्या. ती नाशिक सोडणार नाय. हे आधीच सांगायला पाहिजे होतं. आम्ही भ्यालो."

खंडेरावांनी टोपी नीट केली. "मला पिच्चर पटला नाय," ते म्हणाले. "पोरानं बापाला विचारलंच नाय. शिडी लावली, पाटी काढली, चालला. बाप तिथं बाजारात कोथिंबीर घेत उभा! अरे, विचारलं असतं तर बापानं शिडी धरली असती." मग पोराकडं वळले. "तू काय करशील रे?"

दीपक गोंधळला. मिक्सरवरून एकदम इथं आला. "मी… विचारीन ना, तात्या."

"कधी?"

दीपकनं योगिनीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "आत्ताच. नाशिककडं द्राक्षवाले लय हायेत, ठिबकला काम हाय. जाऊ का?"

उज्वलाबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली, ती खंडेरावांनी घेतली, घोट घेतला, बाटली परत दिली. कोंडाजी आपल्या चपलांकडं पाहत होता. मग खंडेराव योगिनीच्या समोर जाऊन उभे राहिले, हात मागचे सुटले होते.

"काय व पोरी," ते म्हणाले, "नासिकमा पानी रोज येस का?"

सुमनबाईनं ते नीट ऐकलं. एवढ्या तीन तासांत 'आपण, नमस्कार, प्रवास ठीक' करणारा माणूस घरच्या बोलीवर आला होता. पाव्हण्या पोरीला कुणी 'व पोरी' म्हणत नाही. ते आपल्या घरातल्या पोरीला म्हणतात.

योगिनीला पण ते कळलं, कारण तीही नाशकाची मराठी सोडून लगेच खाली उतरली. "येस ना तात्या. पंचवटीमा सकायले येस."

"सकायले कितला वाजता?"

"साडेसहाले."

"अन् गच्ची शे का? दोन कुंड्या ठेवाले?"

"शे."

"बसस्टँड कितलं दूर? मी येसू ते रिक्षा नको माले, पायी येसू."

चंदर हसत सुटला आणि त्यानं कोंडाजीच्या पाठीवर अशी थाप मारली की कोंडाजीला बोलावंच लागलं. "बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या हिशेबानं ते भाषण होतं.

उज्वलाबाईंनी सुमनबाईचा दंड धरला आणि तिला थेटरच्या बाजूच्या भज्यांच्या गाडीवर नेलं. "बसा इथं. आता यांचं तासभर चालंल. पाणी झालं, गच्ची झाली, आता वारा कुठून येतो ते इचारतील."

सुमनबाई बाकड्यावर बसली. चपला काढल्या. पाय मातीवर टेकवले. शुक्रवारपासून तिनं धड जेवण केलं नव्हतं हे तिला भज्यांचा वास आल्यावर कळलं. पहिली प्लेट कधी संपली ते समजलं नाही, दुसरी मागवली. तोंड भरलेलं असतानाच तिनं विचारलं, "विहीण बाई, एक सांगा. त्या दिवशी तुमच्या वडलांनी तात्यांना उसातून बाहेर काढलं कसं?"

उज्वलाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, जवळ सरकल्या, आणि सांगायला लागल्या.